कोकणातून बर्फात : पहिल्या स्नोशू ट्रेकची तयारी

बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरलं की कोकणातल्या घरात पहिला प्रश्न येतो तो थंडीचा. 'सोसेल का रे तुला?' दापोलीत एखाद्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरला तरी शेकोट्या पेटतात, मग उणे दहाचं काय, ही काळजी साहजिक आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने थंडीपेक्षा घामाची धास्ती जास्त बाळगावी, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे घामाला कुणी मोजत नाही. बारा महिने दमट हवा, अंगावरचा सदरा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. बर्फात तीच सवय अंगाशी येते. चढताना घाम आला, आतले कपडे ओले झाले आणि पाच मिनिटं बसलात की तो ओलावा अंगातली ऊब खेचून घ्यायला लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. बाहेरची थंडी चांगलं जॅकेट अडवू शकतं, पण आतून भिजलेल्या माणसाला जॅकेटचा फारसा उपयोग होत नाही. पुढे कपडे, चालीचा वेग, विश्रांती यांबद्दल जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं पाठ कोरडी ठेवण्यासाठीच आहे.

स्नोशू कधी लागतात, कधी नाही

ताज्या, भुसभुशीत बर्फात साध्या बुटाने चाललं तर पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद पाटी, तेच वजन मोठ्या जागेवर पसरवते, त्यामुळे पाय थोडासाच दबतो. पाटीखाली धातूचे दात असतात, ते उतारावर पकड देतात. बूट पाटीला फक्त पुढच्या बाजूला जोडलेला असतो आणि टाच मोकळी उचलते, म्हणून चाल आपल्या नेहमीच्या चालीच्या जवळ राहते.

बर्फ पोटरीच्या आसपास किंवा त्याहून खोल आणि मऊ असेल तर स्नोशू. बर्फ लोकांच्या पायांनी तुडवून घट्ट झाला असेल तर बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक (बारीक दात्यांच्या साखळ्या) पुरतात. उताराचा बर्फ गोठून कडक, निसरडा झाला असेल तर तिथे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे लांब सुळे) आणि आइस ॲक्सचं (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचं) काम असतं आणि नवख्याने तिथे शिकलेल्या माणसाशिवाय जाऊ नये. उत्तराखंडातल्या गर्दीच्या ट्रेकवर, उदाहरणार्थ ३,८०० मीटर उंचीच्या केदारकंठावर, वाट बहुतेक वेळा तुडवलेली असते. तिथे आयोजक मायक्रोस्पाइक आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीभोवती बांधायचं आवरण) देतात, स्नोशू क्वचितच. स्नोशूवर चालायचं हाच हेतू असेल तर पैसे भरण्याआधी आयोजकाला स्पष्ट विचारा: स्नोशू तुमच्याकडे आहेत का, कोणत्या मापाचे आहेत, आणि त्यावर चालायला शिकवणारा माणूस बरोबर असतो का?

जागा आणि दिवस

पहिल्या खेपेला शिखर नको. सौम्य उताराचं कुरण किंवा विरळ जंगल शोधा. गुलमर्गची कुरणं आणि आसपासचं देवदार-फरचं जंगल त्यासाठी फार चांगलं आहे. तिथे स्नोशू भाड्यानेही मिळतात आणि रात्री पक्क्या छताखाली झोपता येतं. उत्तरकाशीजवळचं दयारा बुग्याल हे दुसरं नाव. रैथल किंवा बारसू गावातून चढत जाऊन साधारण ३,४०० मीटरच्या पुढे मोकळी कुरणं लागतात. मनालीजवळचं सोलंग खोरं एका-दोन दिवसांच्या सरावाला बरं पडतं.

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर बर्फ साधारणपणे चांगला असतो. आंबा बागायतदारांची अडचण मला ठाऊक आहे, नेमकी तेव्हाच मोहोराची राखण आणि फवारण्या असतात. अशांनी फेब्रुवारीचा उत्तरार्ध बघावा, पण शिमग्याची तारीख आधी पाहून ठेवावी. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेस थेट दिल्लीत निजामुद्दीनला जाते. तिचं आरक्षण लवकर भरतं, म्हणून तिकीट आधी काढा, बाकीचं नंतर.

आपण समुद्रसपाटीची माणसं, हे वेळापत्रक आखताना विसरू नका. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. विमानाने उतरून त्याच संध्याकाळी तिथे झोपण्यापेक्षा एक रात्र श्रीनगरला, म्हणजे साधारण १,६०० मीटरवर काढावी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. डोकेदुखी, मळमळ, भूक मेल्यासारखं होणं ही विरळ हवेची लक्षणं असतात. ती दिसली की तिथेच थांबायचं, वाढली तर खाली उतरायचं. बोलताना अडखळायला झालं, सरळ चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, त्याच क्षणी खाली. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या.

पुळण, पाखाडी, घाट

दिवाळी झाली की तयारीला लागा. दोन महिने हातात मिळतात आणि तेवढे पुरतात.

सराव कुठे करायचा याची कोकणात अडचण नाही. कोरड्या मऊ वाळूत चालायला घट्ट जमिनीपेक्षा दोन ते अडीच पट ताकद लागते, असं अभ्यासकांनी मोजलेलं आहे. गुहागर, केळशी, भाट्ये, आरे-वारे, देवबाग, जी पुळण घराजवळ असेल तिथे भरतीच्या वेळेला जा. ओहोटीला आपण आपसूक ओल्या, घट्ट वाळूवरून चालतो. भरतीला ती पट्टी पाण्याखाली जाते आणि सुरूच्या बनालगतची भुसभुशीत वाळूच उरते. आपल्याला तीच हवी. बूट घालून, पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन सुरुवातीला अर्धा तास, महिन्याभरात दीड तास.

इथे एक काम मुद्दाम करा. शंभर पावलं चाला, थांबा, मागे वळून आपल्याच पावलांचे ठसे बघा. बहुतेकांचे डावे-उजवे ठसे जवळजवळ एका रेषेत पडतात. स्नोशूवर असे चाललात तर उजवी पाटी डाव्या पाटीच्या काठावर पडणार आणि तुम्ही तोंडावर. दोन ठशांच्या आतल्या कडांमध्ये वीतभर जागा राहील इतके पाय फाकवून चाला. सुरुवातीला कंबर आणि मांड्यांच्या आतल्या बाजू दुखतील, दोन आठवड्यांत सवय होते. वाळू ठसा दाखवते म्हणून ही चूक इथेच सुधारता येते, ट्रेडमिलवर ती कळणार नाही.

गुडघ्यांसाठी पाखाडी. गावातली जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढा आणि सावकाश उतरा. उतरण्याकडे जास्त लक्ष द्या, कारण बर्फात पाय भरून येतात ते उतरताना. मग रविवारी डोंगर. खेड तालुक्यातला रसाळगड सुरुवातीला योग्य, झोलाईच्या देवळापर्यंत जाऊन तोफा बघून या. त्यानंतर वाडी बेलदारवरून महिपतगड. पाय तयार झाले की चोरवण्यातून नागेश्वराचा चढ. तो दम काढतो. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत वर पोचा.

घाट चढताना आणखी एक गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे वेग. चालता चालता एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. तेवढाच वेग ठेवा, कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या. जोरात चढून मग बराच वेळ टेकण्याची आपली सवय बर्फात घातक ठरते. जोरात चढताना घाम येतो आणि टेकलं की तो गार होतो.

पावसाळ्याने खाल्लेले बूट

ही आपल्या किनाऱ्याची खास अडचण आहे. चार महिने कपाटात पडलेला ट्रेकिंगचा बूट वरून धडधाकट दिसतो आणि ट्रेकच्या पहिल्याच दिवशी तळवा सुटून हातात येतो. पुष्कळ बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतला ओलावा तो आतून सडवतो. बूट वापरात नसला तरी ही झीज चालूच राहते. म्हणून दिवाळीत बूट काढा, दोन्ही हातांनी तळवा जोरात वाकवा. भेगा दिसल्या, भुकटी पडली किंवा कड सुटत असेल तर तो बूट बर्फात नेऊ नका. नवा घ्यायचा तर पाणी आत न येऊ देणारा, घोट्याच्या वर जाणारा आणि जाड लोकरी मोजा घालूनही बोटं हलतील इतका सैल घ्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गारठतात. हाच बूट घालून वाळूचा आणि घाटाचा सराव करा.

जॅकेटचंही तसंच. आतला लेप चिकट झाला असेल, शिवणीवरची पट्टी सुटली असेल तर ते पाणी अडवणार नाही.

कपडे तीन थरांत. अंगालगत कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, सुती बनियन अजिबात नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं. त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखा मऊ, ऊबदार कपडा. सगळ्यांत वर वारा आणि बर्फ अडवणारं, पण आतली वाफ बाहेर सोडणारं जॅकेट. आपला पावसाळी रेनकोट नेऊ नका. प्लॅस्टिकचा तो कोट बाहेरचं पाणी अडवतो आणि आतला घामही अडवतो. वीस मिनिटांत आतून भिजाल. जाड पिसांचं जॅकेट पिशवीत ठेवायचं, थांबलं की आधी ते अंगावर चढवायचं आणि निघताना पुन्हा काढायचं. सुरुवात करताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी मिळून थांबा आणि एक थर उतरवा.

हातमोज्यांचे दोन जोड, गेटर, कान झाकणारी टोपी, कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी. चष्मा गडद आणि बाजूंनी बंद हवा. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा. खोबरेल तेलाची बाटली घरीच राहू द्या. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि तिथे बाटलीतून बाहेरच येणार नाही. त्याऐवजी व्हॅसलिन घ्या.

पायात चढवताना

स्नोशूचं माप तुमच्या पायावर नसतं, वजनावर असतं, तेही कपडे, बूट, पिशवी धरून. २२ इंची जोडी बऱ्याच कंपन्या साधारण ८० किलोपर्यंतच्या एकूण वजनाला देतात, त्याहून जास्त असेल तर २५ इंची. बर्फ खूप मऊ असेल तर मोठं माप बरं, पण उगाच मोठं घेतलं तर पाय ओढत चालावं लागतं. बरोबर दोन काठ्या हव्यात आणि त्यांच्या टोकाला रुंद चकत्या. चकती नसेल तर काठी मुठीपर्यंत आत जाते.

भाड्याने घेतलीत तर दुकानातच दोनदा घालून-काढून बघा. आदल्या रात्री खोलीत पुन्हा एकदा, आणि या वेळी हातमोजे घालून. उघड्यावर उणे तापमानात उघड्या बोटांनी पट्टे ओढत बसलात तर पुढचा अर्धा तास बोटं बधिर राहतील.

सपाट जागा बघा. बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने ठोकून पाडा, नाहीतर पट्टा कितीही आवळला तरी थोड्या वेळात ढिला होतो. पाटी अशी ठेवा की पट्ट्यांची मोकळी टोकं बाहेरच्या बाजूला येतील. आत आली तर दुसऱ्या पायात अडकतात. पावलाचा चवडा बरोबर फिरत्या कण्यावर (बूट ज्यावर पुढे-मागे फिरतो त्या आडव्या दांड्यावर) यायला हवा, आणि बुटाचं टोक पाटीच्या पुढच्या कडेला लागता कामा नये. आधी पुढचे पट्टे आवळा, मग टाचेचा. पाय उचलून हलवा. पाटीची शेपटी खाली लोंबली आणि बूट आत डावी-उजवीकडे सरकला नाही, म्हणजे नीट बसलं. दहा मिनिटं चालून पट्टे पुन्हा आवळा, कारण पहिल्या काही पावलांत ते हमखास सैलावतात.

चाल

सपाटीवर पाय फार उंच उचलू नका. पाटीची शेपटी बर्फावरून घासत गेली तरी चालते. मागे चालायचा प्रयत्न करू नका, शेपटी रुतते आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं असेल तर छोटं अर्धवर्तुळ मारा.

चढावर पाटीचं टोक बर्फात ठोका, क्षणभर थांबा, मग वजन टाका. हा क्षणभराचा थांबा महत्त्वाचा आहे. ठोकलेला बर्फ तेवढ्या वेळात दबून घट्ट होतो आणि पायरी तयार होते. घाई केली तर तीच पायरी ढासळते आणि जितकं चढलात तितकं खाली येता. चढ लांब असेल तर टाचेखालची दांडी उभी करा, पोटऱ्यांना आराम मिळतो. सपाटी आली की ती आठवणीने खाली पाडा. आडव्या उतारावर पाटीची डोंगराकडची कड बर्फात रोवा आणि त्या बाजूची काठी आखूड करा.

उतरताना गुडघे सैल, पावलं आखूड आणि वजन पावलांच्या बरोबर वर. भीतीने माणूस मागे रेलतो, पण रेललं की पुढच्या दातांची पकड सुटते आणि पाय घसरतात. पडालच, त्यात वावगं काही नाही. आधी हात काठीच्या फासातून सोडवा, कुशीवर वळून दोन्ही पाट्या उताराच्या खालच्या बाजूला आणा, दोन काठ्या बर्फावर आडव्या एकावर एक ठेवून त्यांवर भार देत गुडघ्यावर या, मग उठा. नुसता हात टेकवून उठायला गेलात तर हात कोपरापर्यंत आत जाईल.

ताज्या बर्फात पहिल्याने वाट पाडायची असते आणि तो सगळ्यांत जास्त दमतो. दर काही मिनिटांनी त्याने बाजूला व्हावं, बाकीच्यांना पुढे जाऊ द्यावं आणि रांगेच्या शेवटी लागावं. धडधाकट तरुण असला तरी त्याला एकट्याला पुढे राहू देऊ नका. तो घामाने निथळेल आणि नंतर सगळ्या गटाला त्याच्यासाठी थांबावं लागेल. नवख्यांनी ताशी दीड-दोन किलोमीटरचा हिशोब धरावा, वाट पाडत जायचं असेल तर एकही पुरे. दुपारी एकनंतर पुढे जायचं नाही, कुठेही असलात तरी मागे फिरायचं, हे सकाळीच ठरवा.

जिथे पाय ठेवायचा नाही

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतं, आणि जोरदार बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. उतार मोजायचं ॲप फोनवर मिळतं. तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी वर तसा उतार असेल तर त्याच्या पायथ्याशी थांबून फोटो काढू नका. हिमालयासाठी संरक्षण संशोधन विभागाची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. आयोजक ते रोज बघतो का, विचारा. रात्रभर बर्फ पडला असेल आणि वाटाड्या 'आज नको' म्हणाला, तर त्या दिवशी मुक्कामाच्या जवळच खेळा. पैसे भरलेत म्हणून त्याच्यावर दबाव आणू नका.

देवदार-फरच्या खोडाशी फांद्यांमुळे बर्फ साचत नाही आणि तिथे वरून न दिसणारी पोकळी राहते, म्हणून फांद्यांच्या घेराबाहेरून जा. बर्फाखालून वाहणाऱ्या ओढ्याचा आवाज आला तर वाटाड्याच्या ठशांतूनच पाय टाका. कड्याच्या टोकाला वाऱ्याने जमलेली बर्फाची छज्जी अधांतरी असते, तिच्यापासून लांब.

कुणी थरथरायला लागलं, अडखळायला लागलं, बोलणं जड झालं तर तो गारठलाय. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड गरम काहीतरी प्यायला द्या आणि एकटं सोडू नका. पांढरी पडलेली बोटं बर्फाने चोळू नयेत, काखेत धरावीत.

खाणं-पाणी

तहान कमी लागते म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, घोट घोट घेत राहा. बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा; बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. नळीची पाण्याची पिशवी गोठते, ती नको. आमसुलं आणि गूळ गरम पाण्यात टाकून थर्मासमध्ये भरा. काजू, खजूर, नाचणीचे नाहीतर शेंगदाण्याचे लाडू आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ते दगड होतात. फोन आणि पॉवर बँकही आतच.

घरी आल्यावर

भाड्याचे स्नोशू परत केलेत तर प्रश्न मिटला. स्वतःचे असतील तर दात कोरडे पुसून त्यावर तेलाचा हात फिरवा, खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात. पिसांचं जॅकेट पिशवीत दाबून ठेवू नका, सैल टांगा आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की हवा द्या. बूट धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, आणि गणपतीच्या सुमारास एकदा बाहेर काढून तळवा वाकवून बघा.